हरसिंगची उजवी बाजू

आमच्या गल्लीत हरसिंग राठोड नावाचा माणूस राहतो. गाणं ऐकायला बसण्याआधी तो अंगणातल्या खड्ड्यात मीठ टाकतो.

देवाधर्माचं त्यात काही नाही. खड्डा अर्थिंगचा आहे. खाली तांब्याची पट्टी, वर कोळसा, त्यावर मीठ, आणि रोज तांब्याभर पाणी. एवढी अर्थिंग लोहारा एमआयडीसीच्या कारखान्यातल्या मशीनलाही कोणी करत नसेल. हरसिंगनं ती केली आहे तळहाताएवढ्या एका डब्यासाठी, आणि त्या डब्यातून आवाज निघतो तो फक्त दोन कानांपुरता. "अर्थिंग कच्ची असली का गाण्यामागं माशी घोंगावते," असं त्याचं म्हणणं. त्याची बायको सोनीबाई म्हणते, "भाजी अळणी झाली तरी चालते या माणसाले. खड्डा अळणी नाई पायजे."

मी चौथी शिकलेला. जिनिंगात कापसाच्या गाठी उचलण्यात जन्म गेला. पण हरसिंगबद्दल कोणीतरी लिहायला पाहिजे, आणि गल्लीत दुसरा कोणी रिकामा नाही.

आज या माणसाला पंख्याचा आवाज सहन होत नाही. पण यानंच जन्मभर कळंब तालुक्याच्या कानठळ्या बसवल्या. मंडप आणि लाऊडस्पीकरचा धंदा होता त्याचा. लग्न असो, जयंती असो, प्रचार असो, भोंगा हरसिंगचा. आसपासचे पत्रे थरथरले की त्याला वाटायचं, आता कुठे आवाज बसला. चिंतामणीच्या यात्रेत पोरं हरवली की हाच माईकवर बसायचा. "लाल फ्रॉकवाली पोरगी आमच्यापाशी हाय. पेढा खाऊन राह्यली. मायनं घाबरू नये, पण लवकर यावं, पेढे संपून राह्यले!"

माझ्या लग्नातही त्याचाच भोंगा होता. त्या गोंगाटात मी यशोदेला पहिलं वाक्य बोललो ते तिला ऐकूच गेलं नाही. काय म्हटलं होतं, म्हणून ती पुढे वर्षानुवर्षं विचारायची. मी काही सांगितलं नाही.

मग स्पीकरच्या मोठमोठ्या पेट्यांचे डीजे आले आणि हरसिंगचा धंदा बसला. आता हा पानठेल्यावर बसून जमान्याला शिव्या देणार, असं आम्हाला वाटलं. पण त्यानं भलतंच जाहीर केलं. "गावाले लय ऐकवलं. आता मी ऐकतो."

ऐकायचं कसं, तर हेडफोननं. पेट्या नाहीत, भोंगे नाहीत. मी म्हटलं, "अबे, तुह्या घरात पेट्यांचा ढीग पडला हाय, त्या लाव." तर म्हणाला, "त्या मिरवणुकीच्या. घरात ऐकाच्या चांगल्या पेट्या घ्याले गेलो तर माह्या ऐपतीत एका पेटीचं झाकण भेटन. तेवढ्याच पैशात हेडफोनमंधी आख्खा हॉल भेटते. खुर्च्यायसकट."

घरखर्चाला हात लावायचा नाही, अशी सोनीबाईची अट होती. म्हणून धंद्यातली एक वस्तू विकायची आणि तेवढ्यात बसेल ती एकच वस्तू घ्यायची, असा नियम त्यानं केला. भोंगे एका देवळाला गेले आणि अॅम्प्लिफायरचे सुटे भाग आले. माईकच्या बदल्यात एक छोटी डबी आली, तिला तो 'ड्याक' म्हणतो. ती काय करते म्हणून विचारलं. "मोबाईलमधलं गाणं म्हंजे दुधाची पावडर. ही डबी त्याचं दूध करते." अॅम्प्लिफायर त्यानं घरीच बसून बालुशाहीच्या पत्र्याच्या डब्यात जोडला. डब्यावर 'शुद्ध तुपातील' असं अजून लिहिलेलं आहे. मिरवणुकीच्या पेट्या गेल्या तेव्हा नागपूरहून एक वापरलेला हेडफोन आला, मागून जाळी असलेला. त्याच्या गाद्या फाटल्या होत्या. सोनीबाईनं मंडपातल्या नवरदेवाच्या खुर्चीच्या मागचं लाल मखमल कापून नव्या शिवून दिल्या. हेडफोन घातला की हरसिंग या वयात नवरदेवासारखाच दिसतो.

आणि सवय जात नाही. हेडफोनला माईक नाही, तरी डोक्यावर चढवला की आधी म्हणणार, "हालो, हालो, चेक." मग पंखा बंद. कुकरच्या शिट्ट्या बंद. गल्लीतून भंगारवाला ओरडत चालला की याच्या तोंडाकडे पाहवत नाही.

हे सगळं कशासाठी? तर गाणं कपाळात उभं राहिलं पाहिजे यासाठी. हा त्याचा ध्यासच होता. "डावीकडचं डाव्या कानात, उजवीकडचं उजव्या कानात, अन् दोन्ही सारखे असले का गाणारी बाई बरोबर मधात, कपाळात येऊन उभी राह्यते. एकदा ते झालं का माह्यं काम झालं."

याच सुमारास माझी यशोदा गेली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. लोक आले, बसले, चहा प्याले, गेले. मी दाराला आतून कडी लावून टोस्ट आणि चहावर राहू लागलो. माझी मुलगी सुनंदा नागपूरला असते. ती म्हणाली, "बाबा, उन्हाळा संपला का मी तुमाले घ्याले येतो. इकडलं घर बंद करू." मी हो म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात जोर लागतो.

एका सकाळी हरसिंगनं कडी वाजवली. "पुंडलिक, चाल लवकर. उजवी बाजू गेली!"

आमच्या वयात हे वाक्य साधं नसतं. मी चप्पल न घालता धावलो. सोनीबाई बाहेर तूर निवडत बसली होती, धडधाकट.

"कोणाची गेली बे?"

"हेडफोनची! तू ऐकून पाय."

त्यानं मला नवरदेवाच्या खुर्चीत बसवलं, हेडफोन चढवला, आणि सवयीनं माझ्याच तोंडासमोर "हालो, चेक" म्हणाला. मग गाणं लावलं. डावीकडे तबला. उजवीकडे बासरी. आणि बाई खरंच कपाळात उभी होती. मी डोळे उघडून पाहिलं, तर समोर सोनीबाईचं तुरीचं सूप.

"दोन्हीकडून वाजते," मी म्हटलं.

"नाई वाजत." त्यानं हेडफोन घेऊन स्वतः घातला. "पाय. उजवी मेलीच हाय."

"उलटा घाल बरं."

त्यानं उलटा घातला. म्हणजे हेडफोनचा डावा भोंगा आता उजव्या कानावर आला. खोट हेडफोनात असती तर ती हेडफोनासोबत फिरून डावीकडे आली असती.

"अजूनबी उजवीच मेली हाय," तो म्हणाला.

मी समजलो. मेला होता तो कान. जन्मभर भोंग्यांच्या बाजूला उभं राहून दुसरं काय होणार?

आता मी तोंडाचा फटकळ. सरपंचाच्या घराच्या वास्तुशांतीला त्याला पायऱ्या वाकड्या आहेत असं सांगून आलो, तेही जेवायच्या आधी. यशोदा म्हणायची, तुमाले कुठी नेणं म्हंजे दंगल नेणं. पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. आवाजावर पोट भरलेल्या माणसाला 'तुझा कान गेला' कसं सांगू? शिवाय खरं सांगतो, कितीतरी दिवसांनी माझ्या घराची कडी कोणीतरी वाजवली होती. खोट कळली असती तर उद्या कोणी वाजवली नसती.

"वायर खराब असन," मी म्हटलं.

"वायरच हाय," तो लगेच म्हणाला.

मग रोजचं सुरू झालं. वायर बदलली. "पुंडलिक, ऐकून पाय." सोल्डरिंगचे डाग नव्यानं लावले. "ऐकून पाय." पिन घासली, मिठाचा खड्डा नवा केला. मी ऐकायचो आणि तो समोर स्टुलावर बसून विचारायचा, "बाई कुठी उभी हाय?"

"कपाळात."

"बरोबर मधात? का डावीकडं झुकली?"

"मधात हाय लेका! आता काय तिले फुलं वाहू?"

तो एवढा खूश व्हायचा की त्याच्याच डोक्यात गाणं वाजतंय असं वाटावं. सोनीबाई मग भाकरी वाढायची. माझ्या घरचे टोस्ट मऊ पडून गेले.

एकदा त्यानं तांड्यावरच्या होळीच्या लेंगी गाण्यांचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. ते त्यानंच कधीतरी दोन माईक मांडून केलेलं. मी म्हटलं, "उजवीकडच्या टोकाले कोणी बाई खोकलून राह्यली." तो उठून उभाच राहिला. "खोकलून राह्यली? सोनी, वं सोनी! तू खोकलली होती काय होळीत?" सोनीबाई आतून म्हणाली, "होळीच्या धुरात कोण नाई खोकलणार!" त्या दिवशी मी हसलो. आवाज बाहेर पडेपर्यंत तो माझा आहे हे मला कळलं नाही.

उन्हाळा संपला आणि सुनंदा आली. माझे कपडे भरायला मोठी बॅग घेऊन आली होती. मला जायचं नव्हतं. पण पोरीला सांगू काय? शेजाऱ्याच्या हेडफोनासाठी थांबतो म्हणून?

मी घरी नाही म्हणून ती हरसिंगच्या अंगणात आली. मी मखमली खुर्चीत, डोक्यावर हेडफोन. तिनं बॅग खाली ठेवली.

"बाबा, गाडीची वेळ होऊन राह्यली. चला."

मी हेडफोन काढून खुर्चीच्या हातावर ठेवला आणि उठलो. उठल्यावर पुढे काय करायचं ते सुचेना.

"कुठी नेतं वं याले?" हरसिंग म्हणाला.

"नागपूरले, काका. इथं यांच्यापाशी कोण हाय? जेवत नाई, बोलत नाई."

"इथं जेवते. बोलते तर इतकं का मी थकतो."

"काका, तुमचं ठीक हाय. पण तुमच्या हेडफोनसाठी मी बापाले एकटा सोडू काय? खराब झाला असन तर मी नवा पाठवतो तुमाले."

हरसिंगनं डब्याचं बटण बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग जन्मात पहिल्यांदा मी त्याला हळू बोलताना ऐकलं.

"हेडफोन चांगला हाय, बेटी. माह्या उजव्या कानाले ऐकू नाई येत. यवतमाळच्या डॉक्टरनं कवाचंच सांगतलं, हा हेडफोन यायच्याबी आधी. तरी वाटलं, चांगला हेडफोन आणला का कान जागा होईन." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "गाणारी बाई कपाळात उभी राहाले दोन कान लागते. माह्या कपाळात नाई राहत ते. तुह्या बापाच्या राह्यते. तो सांगते, मंग मले समजते. त्याले नेलं तर मी कोणाले विचारू?"

सोनीबाईचे हात सुपात थांबले. नवऱ्याचा कान गेला हे तिलाही माहीत होतं, हे तिच्या तोंडावरून दिसलं. म्हणजे गल्लीत मीच एक शहाणा, गुपित सांभाळत बसलेला.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "हलकट. मंग त्या वायरा कायले बदलवल्या?"

"रोज बोलवाले काही तरी निमित्त पायजे ना बे."

सुनंदानं बॅग भिंतीशी सरकवली. मग खुर्चीत बसली. "मले दाखवा बरं, काका."

त्यानं हेडफोन तिच्या केसांवरून अलगद बसवला, आणि या वेळी हालो-चेक म्हटलं नाही. गाणं लावलं. तिनं डोळे मिटले. थोड्या वेळानं आपल्या कपाळावर बोट ठेवून ती म्हणाली, "काका, इथं हाय. बरोबर इथं."

हरसिंगनं स्टूल फिरवला आणि डावा कान तिच्याकडे करून बसला. तो नेहमी तसाच बसायचा. फक्त आज तो ते लपवत नव्हता.

"सांग," तो म्हणाला. "उजवीकडं काय वाजते?"

सुनंदा संध्याकाळच्या एसटीनं गेली. बॅग रिकामीच नेली.