अलास्काची चौकट

इंडियाना राज्यातल्या आमच्या क्लोव्हर बेंड प्राथमिक शाळेत मुलांना काहीही पाठ करायला लावण्यास सध्या मनाई आहे. पाठांतराने मुलांच्या मनावर ओरखडे उठतात, असं शिक्षण मंडळाला आढळून आलं. मंडळाचे सगळे सभासद पन्नास राज्यं राजधान्यांसकट घोकून मोठे झालेले असल्यामुळे ओरखड्यांबद्दल त्यांचा शब्द अखेरचा मानावा लागतो. सबब, चौथीच्या मुलांना अमेरिकेची राज्यं केवळ मजेतून शिकवावीत असा ठराव झाला. मजा नियमानुसार होते की नाही, हे पाहायला पालक-शिक्षक संघाची मजा उपसमिती नेमण्यात आली आणि तिचं अध्यक्षपद माझ्याकडे आलं. मी पेशाने विमा एजंट आहे. मजेतले धोके मला इतरांच्या आधी दिसतात.

उपसमितीने पहिलं काम केलं ते वर्गातला नकाशा उतरवण्याचं. चौथीच्या क्विगली बाईंनी तो फळ्याशेजारी टांगला होता. जुना, कोपरे दुमडलेला, अख्ख्या उत्तर अमेरिकेचा. भिंतीवरचा नकाशा नुसता लटकतो, मुलाला सहभागी करून घेत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या की तो लटकतो म्हणूनच मुलांना दिसतो. बाईंची नोकरी जुनी आहे, त्यामुळे अशा बोलण्याकडे आम्ही काणाडोळा करतो.

मजा मोजायची रीत अगदी सोपी होती. प्रत्येक उपक्रम संपला की मुलांनी अंगठा वर करायचा आणि मुख्याध्यापक हॅलोरन सरांनी दारात उभं राहून अंगठे मोजायचे. ऑक्टोबरातल्या समारंभापर्यंत, म्हणजे राज्यदिनापर्यंत, सगळे अंगठे वर राहिले, तर मंडळाकडून शाळेला ‘हसरी शाळा’ असा निळा झेंडा मिळणार होता. शेजारच्या गावच्या शाळेला तो गेल्या वर्षी मिळाला. मेल्यांनी तो हमरस्त्यालगत असा लावलाय, की किराणा आणायला जाताना आमच्या नाकावर टिच्चून फडकतो. मी तर काही दिवस लांबच्या रस्त्याने दूध आणत होतो.

उपक्रम धडाक्यात सुरू झाले. मुलं फ्लोरिडासारखी वाकून नाचली. मग बिस्किटांचा नकाशा ठरला. पण कुणाला दाणे चालत नाहीत, कुणाला दूध, कुणाला गहू, कुणाला अंडं. सगळ्यांचं पथ्य सांभाळता सांभाळता नकाशा कुरमुऱ्यांचा झाला आणि तोही टेक्सासपर्यंत येऊन संपला. मुलांनी तो दहा मिनिटांत फस्त केला. कोणतं राज्य खाल्लं ते कुणाला सांगता आलं नाही, पण अंगठे सगळे वर होते.

त्यानंतर आम्ही पालकांनी एका शनिवारी मैदानावरच्या डांबरी चौकात देशाचा भला मोठा रंगीत नकाशा रंगवला. नमुना घेतला तो गावातल्या खानावळीत ताटाखाली घालतात त्या कागदावरून. त्यात असतं तसंच आम्ही केलं. म्हणजे अठ्ठेचाळीस राज्यं एकाला एक चिकटून, आणि अलास्का व हवाई खाली डाव्या कोपऱ्यात, मेक्सिकोच्या समुद्रात, एकेका चौकटीत. आमच्या मैदानात तो कोपरा कचऱ्याच्या मोठ्या पेटीजवळ येतो. क्विगली बाई येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या, अलास्का तिथे नाही. मी त्यांना कागद दाखवला. तो छापील होता, त्यामुळे विषय संपला.

आता वर्गातल्या प्रत्येक मुलाला एकेक राज्य वाटून दिलं होतं, त्यात माझ्या मुलाच्या, कीगनच्या, वाट्याला अलास्काच आलं होतं. राज्यदिनाला प्रत्येकाने आपापल्या राज्याचा वेश करायचा होता. अलास्का हवाईला खेटून, म्हणजे तिथली हवा उबदार असणार हे ओघानेच आलं. त्याच्या आईने पोहण्याची चड्डी, गवती टोपी आणि काळा चष्मा असा झकास पोशाख जमवला.

सगळं सुरळीत चाललं होतं आणि तेवढ्यात माशी शिंकली. नकाशावर उड्या मारायचा खेळ झाला, अंगठे वर झाले, आणि हॅलोरन सरांना एक अंगठा कमी भरला. त्यांनी पुन्हा मोजले. कोरा वायंट नावाची मुलगी हात खिशात घालून कचऱ्याच्या पेटीपाशी उभी होती.

कोराचा बाप, रस वायंट, लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो. तेव्हा तो कसली तरी खाणीची यंत्रं घेऊन अलास्काला गेला होता आणि राज्यदिनापर्यंत परत येईन असं पोरीला सांगून गेला होता. कोरा रोज त्या चौकटीभोवती फिरून पाहत होती. चौकटीला रस्ता नव्हता. चारी बाजूंनी आम्हीच दिलेला निळा रंग, तोही दोन हात, कारण निळा डबा उरला होता.

सरांनी तिला प्रेमाने विचारलं की मजा का नाही आली. ती म्हणाली, “बाबाचा ट्रक त्या चौकटीतून बाहेर कसा येणार?”

तिची आई तिला सांगत होती की रस्ता आहे, बाबा येईल. पण आई वृद्धाश्रमात संध्याकाळच्या पाळीला असते, आणि नकाशा शाळेचा होता. शाळा खोटं कशाला दाखवेल, असं त्या पोरीचं म्हणणं. रात्री ती जेवत नव्हती. आईने फोनवर बापाशी बोलणं करून दिलं तर म्हणे, “बाबा, तुला पोहता येत नाही ना,” आणि रडायला लागली. हे ऐकून मलाही वाईट वाटलं. राज्यदिन आठवड्यावर आला होता आणि एका अंगठ्यासाठी झेंडा हातचा जाणार होता.

उपसमितीची तातडीची बैठक झाली. कोराला मजेची मात्रा कमी पडते आहे, यावर एकमत झालं. तिला रोज मधल्या सुट्टीत वाढीव मजा देण्याचं ठरलं. एक दिवस फुगे, एक दिवस विदूषक, एक दिवस समुपदेशिकेचा कुत्रा. कोराने कुत्र्याला जवळ घेतलं, फुग्यांबद्दल आभार मानले, विदूषकाला अलास्काचा रस्ता विचारला. अंगठा काही वर होईना.

शेवटी क्विगली बाईच सरांच्या खोलीत आल्या. मी तिथेच होतो. बाईंनी बगलेत तो दुमडलेल्या कोपऱ्यांचा नकाशा आणला होता. म्हणाल्या, “सर, मला पाच मिनिटं द्या. अलास्का वर आहे, वायव्येला. मध्ये कॅनडा आहे आणि कॅनडातून सरळ रस्ता जातो. एवढं दाखवलं की पोर जेवेल.”

सरांनी अभ्यासक्रम उघडला, चष्मा लावला आणि सावकाश वाचून म्हणाले, “बाई, कॅनडा सातवीत आहे.”

“पण तिचा बाप आत्ता कॅनडात आहे.”

“तो प्रौढ आहे, त्याला हरकत नाही,” सर म्हणाले. “चौथीच्या मुलीला कॅनडा दाखवला, तर सातवीत काय दाखवायचं?”

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, शिवाय पाच मिनिटं नकाशा दाखवण्यात मजा कुठे आहे, हा मूळ प्रश्न राहतोच. बाईंनी नकाशाची गुंडाळी केली. ती करताना नकाशा दोनदा सुटला. वय झालं की होतं असं. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, “तुम्हा लोकांपुढे डोकं आपटण्यापेक्षा मैदान बरं.” आम्हाला वाटलं बाई फिरायला जात असतील.

राज्यदिनाच्या सकाळी पाहतो तो काय! फुटबॉलच्या मैदानावर फक्की मारायचं जे ढकलायचं यंत्र असतं, ते घेऊन बाईंनी पहाटेच कारभार उरकला होता. आमच्या नकाशातल्या मोंटाना या उत्तरेकडच्या राज्याच्या माथ्यावरून एक पांढरी शुभ्र वाट निघाली होती. ती चौक सोडून हिरवळीवर चढत होती, झोपाळ्यांना वळसा घालत होती, कुंपणाच्या फाटकातून बाहेर पडून शिक्षकांच्या वाहनतळात शिरत होती. वाटेत हिरवळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘कॅनडा’. आणि वाहनतळात प्रचंड आकाराचं अलास्का. खरं माप घेतल्यामुळे त्यात सरांची राखीव जागा, तिच्यातली त्यांची गाडी आणि शेजारचं झाड एवढं सगळं बसलं होतं.

पुसायला वेळच नव्हता. मंडळाच्या निरीक्षक श्रीमती ड्रमहेलर फाटकात उतरल्या होत्या. सरांनी त्यांना अशा बेताने उभं केलं की कॅनडा पाठीमागे राहील. संचलन सुरू झालं. बटाट्यांसाठी प्रसिद्ध म्हणून बटाटा झालेलं आयडाहो, चीजचा तुकडा झालेलं विस्कॉन्सिन, आणि ऑक्टोबरच्या त्या बोचऱ्या वाऱ्यात पोहण्याच्या चड्डीवर कुडकुडणारं आमचं अलास्का. कीगनचे ओठ निळे पडले होते. मी त्याला खूण केली, हास. तो दात वाजवत हसला.

आणि तेवढ्यात कोरा रांगेतून गायब असल्याचं लक्षात आलं.

सर ध्वनिक्षेपकाकडे धावले. घाईत माणसाच्या तोंडून नको ते सत्य निघून जातं. साऱ्या शाळेला, पालकांना आणि निरीक्षकांना ऐकू गेलं, “चौथीची एक विद्यार्थिनी कॅनडात गेली आहे. कृपया कुणीही तिच्या मागे जाऊ नये, तो आपला विषय नाही.”

सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं. कोरा पांढऱ्या वाटेवरून एकेक पाऊल टाकत चालली होती. झोपाळ्यांचा वळसा तिने घेतला, फाटक ओलांडलं, आणि वाट जिथे अलास्काला मिळत होती तिथे उभी राहून तिने मागे आमच्या इंडियानाकडे बघितलं. मग परत पुढे बघितलं. रस्ता होता. कुठेही तुटत नव्हता. ती तिथेच फतकल मारून बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. यावेळचं रडणं वेगळं होतं, एवढं मलाही कळलं.

रस वायंट आला तो त्यानंतर अर्ध्या तासाने. एवढं धूड गावात दुसरीकडे उभं करायला जागा नाही, म्हणून त्याने ट्रक थेट शिक्षकांच्या वाहनतळात घातला आणि सरांच्या गाडीमागे, अलास्काच्या मधोमध, थांबवला. माणूस चिखलाने माखलेला, दाढी वाढलेली. खाली उतरतो तोच पोर त्याच्या कमरेला चिकटली.

“बाबा, तू कॅनडातून आलास ना?”

“मग काय उडत येणार होतो, वेडे,” तो म्हणाला. “सांगितलं तर होतं तुला.”

“बाईंनी दाखवला रस्ता,” कोरा म्हणाली, आणि तिचे दोन्ही अंगठे वर गेले.

सरांनी ते लांबून टिपले. पण अंगठे अलास्कात वर झाले होते, ते शाळेच्या खात्यात धरायचे की नाही, असा पेच पडला. श्रीमती ड्रमहेलरांनी नियम चाळून सांगितलं की अंगठा कुणाचा हे पाहायचं असतं. तो कशामुळे वर झाला, हे पाहण्याची तरतूद नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झेंडा आम्हाला मिळाला.

आता तो हमरस्त्यालगत फडकतो, शेजारच्या गावाच्या झेंड्यापेक्षा हातभर उंच. मंडळाने उपसमितीचं अभिनंदन केलं आणि वाढीव मजेची पद्धत जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना लागू केली. क्विगली बाईंना अभ्यासक्रमाबाहेरचा देश मैदानावर काढल्याबद्दल समज देण्यात आली. मजेने कसं शिकवावं याच्या प्रशिक्षणालाही त्यांना धाडलं. कॅनडा मी स्वतः त्याच दुपारी रबरी नळीने धुऊन काढला. कोरा फाटकाशी उभी राहून बघत होती. म्हणाली, धुवा खुशाल, मला आता माहीत आहे. तिच्याविरुद्ध काय कारवाई करावी यावर उपसमितीचा विचार चालू आहे.

त्या रात्री जेवताना कीगन शिंका देत होता. चड्डीवर उभं राहून त्याला चांगलंच पडसं झालं होतं. मध्येच चमचा खाली ठेवून तो म्हणाला, “बाबा, कॅनडा कुठे आहे?”

“सातवीत,” मी म्हटलं. “जेव गुपचूप.”

आता तुमच्याकडे वळतो. इथवर वाचलंत, गालातल्या गालात हसलातही. मजा आली ना? मग करा बरं अंगठा वर. शाब्बास. तुमचं शिक्षण पूर्ण झालं. आमच्या इंडियानाला लागून कोणकोणती राज्यं आहेत, हे मी तुम्हाला विचारणार नाही. तुमच्या मनावर ओरखडा उठेल.