चारशे बारा निवासी

रिझ्युमे लिहावा तर मीच! वडवणीत माझ्याइतकं वजनदार मराठी कोणाला जमत नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

'कॅम्प व्यवस्थापक पाहिजे, बीड' अशी जाहिरात व्हॉट्सअॅपवर आली आणि मी उडालोच! दुष्काळाच्या साली चकलांब्याच्या चारा छावणीचा सगळा कारभार आठ महिने मी पाहिला होता. छावणी म्हणजेच कॅम्प, त्यात विचारायचं काय? शिवाय घाई होती. सासरे म्हणाले होते, "संगमेशराव, सोमवारपतुर नोकरी न्हाई लागली, तर आमच्या भांड्याच्या दुकानात बसायचं." सासऱ्यांसमोर दिवसभर बसायचं! मला नुसत्या कल्पनेनं घाम फुटला.

म्हणून रिझ्युमे दमदार केला. 'जनावरे' हा शब्द सगळीकडून काढला आणि तिथं 'निवासी' घातला. 'चारशे बारा निवासींच्या भोजन, निवास व आरोग्याचे व्यवस्थापन.' वाचून मलाच माझ्याविषयी आदर वाटला.

मुलाखत घ्यायला सत्यशीला मॅडम होत्या. ऑफिसच्या भिंतीवर लहान मुलांची रंगीत चित्रं. मॅडमना नातवंडं बरीच असावीत, असं मी धरून चाललो.

"चारशे बारा! एकट्यानं सांभाळलेत?" मॅडम खूश.

"व्हय. तीनशे मोठी, बाकीची लहान."

"खायला काय द्यायचात?"

"मोठ्याला रोज अठरा किलो, लहानाला नऊ."

मॅडमनी चष्मा पुसला. "किलो?"

"काट्यावर मोजून! वर आठवड्यातून तीनदा पेंड."

"बरं... ओळखपत्रं वगैरे?"

"कानात बिल्ला! एकदा टोचला की हरवायची भीती न्हाई."

"कानात? आणि एखादं पळून गेलं तर?"

"बांधल्यालं कसं पळंल, मॅडम? लईच मस्ती केली तर पाय बी बांधायचे."

मॅडम पांढऱ्याफटक पडल्या. माझ्या अनुभवानं थक्क झाल्या, असं मी समजलो. त्यांनी लगेच रिझ्युमेतला नंबर फिरवला आणि स्पीकर लावला. छावणी चालवणारे परमेश्वरराव गरजले, "संगमेश? लई इमानदार गडी! चारशेत तीनच दगावली!"

"तीन!" मॅडम ताडकन उठल्या. "मी पोलिसांना बोलावते!"

"कावून? भाकड म्हशी व्हत्या त्या!" फोनमधून परमेश्वरराव ओरडले.

"म्हशी?" मॅडम मटकन खाली बसल्या. "अहो, हा शाळेच्या मुलांचा उन्हाळी कॅम्प आहे!"

आता पांढरं पडायची पाळी माझी होती. मॅडम डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी लाज सोडून सांगून टाकलं, "मॅडम, काय बी काम द्या. न्हाईतर सोमवारी सासऱ्याच्या दुकानात बसायचंय."

"मुलांना बैलगाडीतून फिरवायचंय," मॅडम डोळे पुसत म्हणाल्या. "बैलजोडी आणलीय, पण सांभाळायला माणूस नाही. जमेल?"

जमेल? मी पायच धरणार होतो!

घरी पेढे वाटले. सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं, "हाताखाली किती जण हायेत?"

"दोन."

"कामाला कसे हायेत?"

"लई कष्टाळू," मी म्हणालो. त्यातला डावा लाथा मारतो, एवढं मात्र बोललो नाही.