जोगळेकरांची सूट

आमचे शेजारी जोगळेकर कुणाशीही हात मिळवला की आधी त्याची बोटं मोजतात.

कोलोनच्या विद्यापीठात त्यांचा विषयच तसा आहे. पूर्वीच्या शतकांत इथली माणसं दीक्षा घेऊन पाद्री कशी होत, याचं संशोधन. दीक्षेआधी उमेदवाराची कसून तपासणी व्हायची म्हणे. अंगठा शाबूत आहे का, आईबापांचं रीतसर लग्न झालं होतं का, पोटापाण्याची सोय आहे का. काही उणं निघालं की बिशप परत पाठवायचा. जोगळेकर हीच फूटपट्टी सगळ्या जगाला लावतात. आमच्याकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाचे हात न्याहाळून म्हणाले, "गेनाऊ, अगदी बरोबर. दीक्षेला चालेल." दीक्षार्थ्याचे केस कापत, म्हणून माझं टक्कल बघून म्हणतात, "तुमचं निम्मं काम झालेलंच आहे."

असा माणूस पन्नाशी उलटून बिनलग्नाचा राहिला, यात नवल ते काय? पण माझ्या बायकोनं मनावर घेतलं. तिची मैत्रीण वैशाली इथेच इंजिनिअर आहे, घटस्फोटित. तिला रविवारी पोह्यांना बोलावलं. मी जोगळेकरांना बजावलं, "सूट घाला आणि त्या बिशपला घरी ठेवून या."

सूट घातला, पण बिशप आलाच. बशी घेताना त्यांनी वैशालीची बोटं पाहिली. बायकोनं कपाळावर हात मारला.

"काय शोधताय?" वैशालीनं हसत विचारलं. त्यांनी सगळी तपासणी सांगितली, तसं तिचं हसू मावळत गेलं.

"म्हणजे उणं असलं की बादच? माझं एक लग्न मोडलंय."

आटोपलं सगळं, असं मला वाटलं.

"छे हो, सूट आहे ना," जोगळेकर घाईनं म्हणाले.

तिनं त्यांच्या कोटाकडे पाहिलं. "छान आहे. जरा ढगळ आहे."

"हा नव्हे हो, ती सूट. रोमला अर्ज केला की मिळायची. कितीतरी जण सूट घेऊनच पाद्री झाले." मग ते बशीकडे बघत म्हणाले, "आणि सूट लागेल ती मलाच. घरात माणसाशी बोलायची सवय नाही. कुकरशी बोलतो मी."

"तो उत्तर देतो?"

"शिट्टी देतो."

वैशाली पुन्हा हसली. "आल्झो, तर मग पुढच्या रविवारी तुमच्याकडे जेवायला येते. कुकरला सांगून ठेवा."

ती निघून गेली तरी जोगळेकर बसूनच होते. बऱ्याच वेळानं माझ्या बायकोला हळूच म्हणाले, "वहिनी, दोघांना भात किती लावायचा असतो?"