शिवलिंगप्पांच्या मोटारीचे त्रेचाळीस जोड

श्रीसिद्धरामेश्वराचे पायी मस्तक ठेवून, शके अठराशे शहाण्णव, आनंदनाम संवत्सरी, वैशाखमासी सोलापूर शहरी बाळीवेशीत जो रणसंग्राम जाहला त्याची हकीकत पदरचे काही न घालता लिहितो. वाचणारास हसू आल्यास उपरणे तोंडास लावावे, कारण यातील खासे अद्यापि हयात आहेत आणि त्यांस राग लवकर येतो.

ऐसियास, राजमान्य राजश्री शिवलिंगप्पा सूतवाले, मोटारबहाद्दर, हे बाळीवेशीतील बडे प्रस्थ. त्यांचे पदरी पस्तीस वर्षांची एक विलायती मोटार होती. कोणा गोऱ्या साहेबाने मुलूख सोडते समयी ती यांचे तीर्थरूपांचे गळ्यात घातली आणि तीर्थरूपांनी मरतेसमयी यांचे. मोटार अंगाने हत्तीण आणि स्वभावाने रुसकी. पोटातील तारांचे सुती वेष्टण उंदरांनी खादलेले, आणि जेथे तारेस तार भेटे तेथे करंगळीच्या पेराएवढे पितळी जोड, त्यांवर हिरवा गंज चढून आतील वीज कोठे जाते हे विजेसही न कळे. परंतु खाशांची, म्हणजे शिवलिंगप्पांची, नजर पोटात कधी गेली नाही. ते रोज सकाळी बाहेरून फडके मारीत आणि जाणाऱ्या-येणाऱ्यास, असली गाडी जिल्ह्यात दुसरी नाही, ऐसे फर्मावीत, आणि ऐकणारा मनात म्हणे, बरेच आहे.

पुढे माघात मंगळवार पेठेतील एका लग्नास खासे मोटारीसुद्धा गेले. मांडवाचे तोंडाशी मोटार उभी करून, फेटा सावरून, पुढील खुर्ची काबीज केली. मग ऐन अक्षतेच्या समयी, लग्न लाविणारे स्वामी मंत्र म्हणत असता, मोटारीचा भोंगा आपोआप वाजू लागला. कोणी बटण ओढिले, कोणी दाबिले, कोणी बॉनेटवर बुक्की मारिली. भोंगा कोणाचा बंदा नव्हे. स्वामी अर्ध्या मंत्रावर थांबले, नवरी हसू लागली, आणि अखेर एका आचाऱ्याने झाऱ्याने बॅटरीची तार उपटिली तेव्हा शांतता जाहली. ते दिवसापासून पेठेने खाशांस भोंगाप्पा हा किताब बहाल केला. किताब मागितल्यावाचून मिळाला, सबब परत करिता येईना.

ऐसे असता खाशांची थोरली बहीण अक्कम्माबाई, इच्या कन्येचे, सुंदरम्माचे, लग्न वैशाखात बार्शीकर मंडळीशी ठरले. अक्कम्माबाईचे यजमान वारल्यास सहा वर्षे जाहली होती. विजापूर वेशीत त्यांचे मोटर वायंडिंगचे दुकान होते. बाईने टाळे न लावता भीमाकाठचे जळलेले पंप उघडून, तांब्याची तार वेटोळी भरून, ते पुन्हा चालते करून दाखविले आणि पोर वाढविली. खाशांस हे दुकान पसंत नसे. बहीण काळ्या हाताने बसते हे चारचौघांत सांगावयास त्यांस लाज वाटे. परंतु साखरपुड्यात भरल्या सभेत ते उठले आणि, पोरीस बाप नाही तरी मामा आहे, वरात मामाच्या मोटारीतूनच सिद्धेश्वराचे दर्शनास जाईल, ऐसे जाहीर करून बसले. बार्शीकर खूष जाहले. अक्कम्माबाईने पानसुपारीचे ताट पुढे केले.

मग खाशांनी मसलतीस मेव्हणे ईश्वरप्पा यांस पाचारण केले. हे ईश्वरप्पा एका विजेच्या कचेरीत कारकून. कागद इकडून तिकडे नेत, सबब वीज आपणच नेतो ऐसा त्यांचा समज. त्यांनी बॉनेट उघडून, नाकास रुमाल लावून निदान केले की तारा बदलू, परंतु मूळ दगा जोडांत आहे; जुने समूळ काढून नव्या तऱ्हेचे चपटे थिंबल, म्हणजे तारेच्या टोकास दाबून बसवावयाच्या धातूच्या टोप्या, घालावे.

"दाजी, ईज म्हंजे माझ्या हातचा मळ हाय," ऐसे बोलून त्यांनी पुण्याहून थिंबलांची पुडकी, ते दाबण्याची पक्कड आणि नव्या तारेची भेंडोळी मागविली, आणि लग्नास चार दिवस उरले असता स्वारी केली. निदान खरे होते, एवढे शत्रूसही कबूल करावे लागेल. परंतु त्या वीराने एका दुपारात त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जोड कापून घमेल्यात टाकिले आणि कोणती तार कोठून कोठे जाते याची खूण एकीवरही केली नाही. तारा सगळ्या मळून एकाच रंगाच्या. संध्याकाळी ते त्या जंजाळाकडे घटकाभर पाहात राहिले. मग नातेपुत्यास मावशी अत्यवस्थ असल्याचे त्यांस अकस्मात स्मरले, आणि ते एस.टी.ने रणांगण सोडून गेले.

दुसरे दिवशी खाशांनी स्वये शस्त्र धरिले. दाराआड होऊन, फेटा उतरून, अंदाजाने तारेस तार जोडिली. ब्रेक दाबिला तो काचेवरील पुसणी फिरू लागली. दिव्याचे बटण ओढिले तो डॅशबोर्डाखालून धूर निघाला. मग बॅटरी सोडून खासे मोटारीच्या पायरीवर बसले, आणि इतक्या वर्षांत प्रथमच त्यांस भय वाटले. लोक हसतील हे भय जुने होते. त्याची सवय होती. परंतु सुंदरम्मा जन्मभर सासरी 'मामाची गाडी' एवढ्या दोन शब्दांनी टोमणे खाईल, हे त्यांस दिसले. उठून बहिणीस सांगावे, टांगा ठरव म्हणावे, ऐसा तीनदा मनसुबा केला आणि तीनदा चप्पल घालून काढिली.

इतक्यात अक्कम्माबाई हळदीचे बोलावणे घेऊन आपणच आली. धुराचा वास तिला दारातच लागला.

"अय्यो! शिवा, काय जाळलास रे?"

"काय न्हाय, अक्का. जरा दुरुस्ती."

बाईने घमेले पाहिले, तारा पाहिल्या, आणि भावाचे काळवंडलेले नाक पाहिले. मग पदर खोचून म्हणाली, "पोरीचं लगीन माजं हाय, आन् खेळ तुमी मांडलाय व्हय? हो बाजूला. दुकानातनं माजी पिशवी मागव."

पिशवीत बॅटरीचे दोन सेल, एक बारका दिवा आणि काचकागद होता. बाई डॅशबोर्डाखाली उताणी शिरून तेथल्या एकेका टोकास सेल लावी. खाशांस हुकूम जाहला की मोटारीच्या दुसऱ्या टोकास दिवा घेऊन बसावे, एकेक तार लावून पाहावी, आणि उजेड पडल्यास "लागला", न पडल्यास "न्हाय" एवढेच बोलावे. तिसरा शब्द बोलू नये. येणेप्रमाणे ज्यांनी वीस वर्षे पेठेस भाषणे ऐकविली ते मोटारबहाद्दर दोन दिवस दोन शब्दांवर राहिले, आणि आश्चर्य हे की त्यांची कोणास उणीव भासली नाही. जी तार ओळखू येई तिला बाई उरलेल्या लग्नपत्रिकेची चिठ्ठी बांधी. मग कुजकी तार टाकून नवी ओढी, टोक सोलून, थिंबलात घालून पक्कड दाबी, आणि ओढून पाही. जेथे तार मोटारीच्या लोखंडास भिडे तेथला रंग खरवडून ती लोखंड चकचकीत करी. पक्कड निसटून तिची दोन बोटे फुटली. खाशांनी चिंधी आणिली, आणि बांधताना ती बोटे इतकी खरखरीत आहेत हे त्यांस प्रथम कळले. बोलण्याची परवानगी नव्हती, सबब गाठ जपून मारिली.

लग्नाचे सकाळी त्रेचाळिसावा जोड बसला. बॅटरी जोडिली. धूर नाही. भोंगा दाबिला तो वाजला आणि, बोट काढताच, थांबला. खासे डोळे पुसू लागले आणि डोळ्यांत तेल गेले ऐसे म्हणाले.

सायंकाळी वरात निघाली. दिव्यांचा पांढरा झोत रस्ताभर, आत नवरानवरी, आणि चाक हाती धरून खासे, फेटा पूर्ववत. सिद्धेश्वराचे वाटेवर तळ्याकाठी मोटार थांबली तेव्हा नवऱ्याचे काका, बार्शीचे रेवणसिद्ध अडते, बॉनेटवर थाप मारून म्हणाले, "मामा, गाडी लई झ्याक. कुणी केली वो कामगिरी?"

खाशांनी छाती काढिली. 'आम्ही' हा शब्द ओठांवर आला, तेथवर येण्याची त्यास वाट पाठ होती. तो समोर अक्कम्माबाई, चिंध्या बांधल्या हाताने आरतीचे ताट धरून उभी. ती भावाकडे पाहातही नव्हती. शब्द माघारी फिरला.

"अक्कानं," ते पुटपुटले.

बँड जोरात होता. काकांनी कानास हात लावून पुसले, "कुणी?"

तेव्हा बाईने ताटावरून नजर न काढता म्हटले, "शिवा, मोठ्यानं बोल की."

आणि राजश्री शिवलिंगप्पा फेटा काढून, सगळी वरात वळून पाहील ऐसे ओरडले, "माज्या अक्कानं केली! सगळी तिनंच केली! मी निस्ता दिवा धरला!"

येणेप्रमाणे बाळीवेशीची मोहीम फत्ते जाहली. जोड त्रेचाळीस, पैकी त्रेचाळीस अक्कम्माबाई दुकानवाली इणे बसविले, ही गोष्ट खुद्द शिवलिंगप्पा यांचे तोंडून शेकडो साक्षीदारांदेखत वदली गेली. जोडांस दोन दिवस लागले, या एका वाक्यास, बाईने दुकान धरिल्यापासून, सहा वर्षे; सबब अधिक अवघड किल्ला कोणता तो जाणत्यांनी जाणावा. लेखणी येथे ठेविली.