असा इसम इथे राहत नाही

"एक अर्ज! फक्त एक अर्ज, रघु! तुझी बढती या जिन्याने वर चढत येते की नाही ते बघ!"

अण्णांनी हे इतक्या जोरात सांगितलं की डिलाईल रोडवरच्या त्या चाळीत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना बढतीची बातमी कळली. बढती झाली नव्हती एवढीच काय ती अडचण!

अण्णा गिरणीत टाइमकीपर आणि चाळ कमिटीचे सेक्रेटरी. नळाच्या गळतीपासून जावयाच्या वागणुकीपर्यंत कुठल्याही विषयावर ते अर्ज लिहून देत. रघुनाथ परब त्यांच्या शेजारच्या खोलीतला. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा अण्णांच्या बायकोच्या, लक्ष्मीकाकींच्या हातचं जेवून वाढला, पलटणीत भरती झाला आणि हवालदारापर्यंत पोचला. आता दंडावरच्या फिती जाऊन खांद्यावर जमादाराची चांदणी यायची होती. त्याच्या मागून भरती झालेल्यांना ती मिळाली. रघुला नाही.

कारण काय? तर छपन्न सालचा जानेवारी! रघु रजेवर आला होता. रजा संपायला आणि मुंबईत कर्फ्यू लागायला एकच गाठ पडली. बाहेर गोळीबार चालला होता, माणसं मरत होती. ट्रंक उचलून निघालेल्या रघुला पोलिसांनी नाक्यावरूनच मागे फिरवलं. पलटणीत तो उशिरा पोचला. साहेबांना कारण सांगितलं, साहेबांना पटलंही, पण ते कागदावर चढवायच्या आधीच साहेबांची बदली झाली! सर्व्हिस रेकॉर्डात लाल शाईने 'विनापरवाना गैरहजर' एवढंच राहिलं. यंदा ते पुसलं गेलं नाही तर वय उलटणार आणि रघु हवालदार म्हणूनच पेन्शनीत निघणार. पोरगा बोलून दाखवत नव्हता, पण रजेवर आला की पूर्वीसारखा हसत नव्हता. अण्णांच्या ते फार जिवाला लागलं होतं.

तर अण्णांनी अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं. खाली पत्ता घातला: 'डिलाईल रोड, मुंबई, संयुक्त महाराष्ट्र'.

रघु घाबरला. "अण्णा, असं राज्य अजून झालं नाही!"

"होणार आहे!"

"झाल्यावर लिहा ना! मी लष्करातला माणूस. राजकारणाचा वास आला तरी साहेब फाडून खातील. मुंबई राज्य लिहा!"

"या हाताने? मरेपर्यंत नाही!" असं म्हणून अण्णांनी पाकीट जिभेने चिकटवूनसुद्धा टाकलं.

आता त्या चाळीचा एक नियम सांगायला हवा. चळवळ सुरू झाल्यापासून साध्या कपड्यातले पोलीस नावं विचारत फिरायचे. म्हणून अण्णांनी ठराव केला होता. अनोळखी माणूस फाइल घेऊन आला की थाळी वाजवायची. ज्याचं नाव निघेल त्याला लपवायचं. आणि लहानथोर सगळ्यांनी एकच उत्तर द्यायचं, असा इसम इथे राहत नाही! या नियमावर अण्णांना गर्व होता. देवाची आरती चुकेल, पण हे उत्तर चुकायचं नाही.

पुढच्या खेपेला रघु रजेवर आला त्या रविवारी अण्णा गॅलरीत दाढी करत होते. तोंडाला फेस. तेवढ्यात खाली एक माणूस दिसला. कडक इस्त्रीची पँट, चकाकणारे बूट, भरघोस मिशा, काखेत फाइल. आणि मान वर करून खोल्यांचे नंबर वाचतोय!

"लक्ष्मी! थाळी!"

थाळी वाजली. दारं लागली. तो गृहस्थ जिना चढून वर येईपर्यंत गॅलरी अशी शांत झाली, जशी काही चाळीत माणसंच राहत नव्हती.

"रघुनाथ परब इथेच राहतात ना?"

"कोण परब?" अण्णा शांतपणे गालावर वस्तरा फिरवत म्हणाले.

"हवालदार आहेत."

"असा इसम इथे राहत नाही."

त्या गृहस्थाने अण्णांच्या मागचंच दार ठोठावलं. "असो इसम हय रवणा नाय!" आतून लक्ष्मीकाकींचा आवाज आला. पलीकडचं दार. "राहत नाही!" त्याच्या पलीकडची म्हातारी तर ठार बहिरी, पण दार वाजलेलं दिसताच तिनेही तेच सांगितलं! अण्णांची छाती फुगली.

"आश्चर्य आहे," तो गृहस्थ म्हणाला. "मी सुभेदार जयवंतराव, रिटायर्ड. रेकॉर्ड ऑफिसने पडताळणीला पाठवलंय. बरं, तसं लिहून टाकतो." त्याने फाइल उघडली. सगळ्यात वर एक अर्ज होता. मोत्यासारखं अक्षर. खाली संयुक्त महाराष्ट्र.

अण्णांच्या हातातला वस्तरा खाली पडला.

"थांबा! राहतो! राहतो!"

"अहो, आत्ता तर म्हणालात राहत नाही!"

"आत्ताच राहायला आला!" अण्णा काय बोलत होते ते त्यांचं त्यांनाही कळत नव्हतं. अर्ध्या तोंडाला फेस तसाच ठेवून त्यांनी सुभेदारांना रघुच्या खोलीत नेलं. आत रघुची बायको कमल गोधड्यांच्या ढिगाला टेकून तांदूळ निवडत बसली होती.

"कमल, रघु कुठाय?"

"असा इसम इथे राहत नाही," कमल मान वर न करता म्हणाली.

"अगं, मी अण्णा विचारतोय!"

"तुम्हीच सांगितलंत, कोणीही विचारलं तरी!"

सुभेदारांची नजर ढिगाच्या टोकाकडे गेली. तिथून दोन अनवाणी पावलं बाहेर आली होती. सुभेदारांनी छाती भरून श्वास घेतला आणि गर्जले, "परब! सावधान!"

टाचा जुळल्या. गोधड्या उडाल्या. डोक्यावर एक उशी तशीच घेऊन हवालदार रघुनाथ परब ताठ उभा राहिला आणि त्याने कडक सलाम ठोकला.

"अधिकारी आल्यावर लपतात का?" सुभेदारांनी विचारलं. रघुने नुसतं अण्णांकडे पाहिलं. त्या नजरेने अण्णा अर्धे झाले.

"सायबानू, चूक माझी," अण्णा म्हणाले आणि गॅलरीत धावले. "अरे, दारं उघडा! हे रघुच्या बढतीसाठी आलेत! त्याच्याबद्दल चांगलं बोला!"

इथे दुसरा घोटाळा झाला. त्या वर्षांत त्या चाळीत माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणजे तो मोर्च्यात किती पुढे होता, एवढंच सांगायचं!

"रघुदादा ना? मोर्च्यात सगळ्यात पुढे!" गिरणीतला मुकादम, कोंडीराम जॉबर पुढे सरसावला.

"लाठी खाल्ली त्याने!"

"तुरुंगात जायला निघालेला! आम्ही धरून ठेवला!"

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. सगळे प्रेमापोटी बोलत होते आणि प्रत्येक शब्दाबरोबर रघुची चांदणी लांब लांब चालली होती. सुभेदारांची पेन्सिल फाइलवर थांबली होती. अण्णांना वाटलं, गॅलरीतून खाली उडी मारावी.

"मला एवढंच हवंय," सुभेदार कंटाळून म्हणाले, "की कर्फ्यूच्या दिवसांत हा माणूस इथे होता का. तुमच्या कशावर विश्वास ठेवू? अर्धी चाळ म्हणते राहतच नाही, अर्धी म्हणते मोर्च्यात होता!"

तेवढ्यात खाली नळाला पाणी आलं.

बायका हंडे-कळश्या घेऊन धडाधडा जिना उतरल्या. डिलाईल रोडवर नळावर भांडणं न होणारी ती एकच चाळ होती आणि त्यामागचं कारण सुभेदारांना आता वरून दिसलं. चौकात पोचताच बायका आपोआप तिहेरी रांगेत उभ्या राहिल्या. लक्ष्मीकाकी बाजूला आल्या, पदर खोचला आणि ओरडल्या, "सावधान!" हंडे डाव्या कमरेवर गेले. "पयली लाइन, आगे बढ!" पहिली रांग नळाकडे चालू लागली. डावा, उजवा, डावा!

सुभेदार कठड्यावरून इतके वाकले की कोंडीरामने त्यांचा कोट धरून ठेवला.

"बाई! हे कुणी शिकवलं?"

"आमच्या रघुन!" काकी खालून ओरडल्या. "कर्फ्यूत! ट्रंक घेवन निघालो तर पोलिसांनी परत धाडल्यानी. घरात बसान पोरगो येडो होवक लागलो. हय पाण्यावरसून आमची रोज मारामारी. मगे आमका रोज सकाळी लायनीत उभी करी!"

"आणि मोर्चा?"

"मोर्च्याक खयचो जातलो? आमची रांग वाकडी झाली तरी ह्याच्या डोळ्यात पाणी येय!"

सुभेदारांनी एक डोळा मिटून रांग सरळ आहे का ते पाहिलं. मग म्हणाले, "असलं काम एका दिवसात होत नाही. पुरा कर्फ्यू लागला असणार." आणि त्यांनी फाइलमध्ये काहीतरी भरभर लिहिलं. जाताना त्यांनी रघुच्या डोक्यावरची उशी स्वतःच्या हाताने काढून ठेवली.

श्रावणात कमलला रघुचं कार्ड आलं. लाल शाई रद्द! रघु जमादार झाला! 'हुकमाची नक्कल रजिस्टरने घरी पाठवायला सांगितली आहे. अण्णांनी ती चाळीला मोठ्याने वाचून दाखवावी. माझ्या खांद्यावर चांदणी आहे ती त्यांच्या अर्जामुळे.'

अण्णा रडले. अगदी सगळ्यांसमोर रडले. मग त्यांनी कोट धुवायला टाकला, पेढे आणून ठेवले आणि कोणती ओळ कुठल्या आवाजात वाचायची याचा सराव सुरू केला. रजिस्टरची वाट बघत ते रोज पाळीवरून आले की गॅलरीत खुर्ची टाकून बसत. एका दुपारी तिथेच त्यांचा डोळा लागला.

झोपेत कुणीतरी खांद्याला हात लावला. अण्णांनी डोळे किलकिले केले. खाकी कपडे. अनोळखी चेहरा. हातात कागद.

"रघुनाथ परब इथेच का?"

"असा इसम इथे राहत नाही," अण्णा म्हणाले आणि मान दुसऱ्या बाजूला टाकून पुन्हा घोरायला लागले.

जाग आली ती काकींच्या किंकाळीने. "अवो, पोस्टमन होतो तो! बदलीवरचो!"

अण्णा अनवाणी धावले. धोतराचा सोगा हातात घेऊन पार नाक्यापर्यंत. तिथे त्यांनी पोस्टमनला गाठलं.

"ते रजिस्टर! आमचंच! परब राहतो! माझाच पोरगा आहे!"

पोस्टमनने पाकीट दाखवलं. त्यावर ठळक शाईत लिहिलं होतं: 'असा इसम इथे राहत नाही.'

"आता हे परत जाणार," तो म्हणाला. "मी स्वतः शेरा मारलाय. दुरुस्त करून हवा असेल तर पोस्टात जाऊन..."

"जाऊन काय?"

"एक अर्ज करा. आणि काका, पत्त्यात मुंबई राज्य लिहा, नाहीतर तोही परत येईल."