मागणी : वीस मेकॅनिक

सर्वेक्षणाला कोण जाणार, असं प्राचार्यांनी विचारलं तेव्हा स्टाफरूममधल्या सगळ्यांनी माना खाली घातल्या. वेल्डिंगच्या मास्तरांनी मात्र फॉर्मचा गठ्ठा उचलून पिशवीत टाकला. आसपासच्या कारखान्यांना कोणते कारागीर हवेत ते विचारायचं, त्यावरून संस्थेचे कोर्स ठरणार होते. मास्तरांच्या डोळ्यांपुढे एकच कारागीर होता. त्यांची लेक कूलिंगच्या यंत्रांची मेकॅनिक होती आणि नऊ तासांच्या अंतरावर नोकरीला होती. जवळपास एक जागा निघाली, तर ती घरी येणार होती.

मास्तर दूध डेअरीत गेले, बर्फाच्या कारखान्यात गेले, औषधांच्या गोदामात गेले. यंत्र बंद पडतं का, असं विचारून ते हळूच लेकीवर येत. "एखादा मेकॅनिक असला तर बरंच," असं प्रत्येक मॅनेजर भिडेखातर म्हणाला आणि मास्तरांनी प्रत्येक फॉर्मवर 'एक' लिहिलं. त्यांच्या मनात ती एकच होती. फॉर्म वीस झाले.

वरच्या कचेरीने बेरीज केली आणि वीस मेकॅनिकांची तातडीची गरज जाहीर केली. वेल्डिंगचं निम्मं शेड रिकामं करून तिथे वीस जणांचा कोर्स सुरू झाला. प्राचार्यांनी मास्तरांना शाल दिली.

"एका पोरीला आणायला गेलात," बायको शालीची घडी घालत म्हणाली, "आणि तिच्या जागेवर वीस जण बसवून आलात."

झालंही तसंच. वर्षभराने वीस जण पास झाले. कारखान्यांना चौघेच पुरले. एकेक जण पाच-पाच ठिकाणं सांभाळू लागला. लेकीला जागा उरली नाही. उरलेले सोळा जण रोज सकाळी मास्तरांच्या फाटकाशी उभे राहू लागले.

अखेर मास्तरांनी लेकीला फोन केला. तिच्या कंपनीला माणसं हवीच होती आणि ती निवडायला कंपनीने तिलाच पाठवलं. ती सकाळी आली. तिने प्रत्येकाला यंत्र खोलायला लावलं, जोडायला लावलं आणि सोळाही जणांना घेतलं. दुपारी आई तिला जेवायला वाढतच राहिली. संध्याकाळी लेक स्टँडवर पोचलीसुद्धा.

"आता कधी येशील?" मास्तरांनी बॅग वर देताना विचारलं.

"रजा मिळत नाही हो, बाबा. भरतीला मात्र लगेच पाठवतात. पुढची बॅच निघू दे."

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी सांगितलं, की इथे इतक्या मेकॅनिकांची गरज दिसत नाही, कोर्स बंद करावा लागेल. तरी एकदा नव्याने सर्वेक्षण करून घेऊ. कोण जाणार, असं विचारायला त्यांनी मान वर केली. मास्तरांची खुर्ची रिकामी होती. फॉर्मचा गठ्ठाही टेबलावर नव्हता.