तायडे सरांचं ‘नाहीतर’

सर्व संबंधितांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता अकोल्याच्या आमच्या शेती संशोधन कार्यालयात दोन हंगामांची कपाशी जागच्या जागी नाहीशी झाली. बोंडअळी नाही, गारपीट नाही. एक ‘नाहीतर’ कमी पडलं.

हे ‘नाहीतर’ तायडे सरांचं. सर आमचे संख्याशास्त्रज्ञ, यंदाच निवृत्त झालेले. ‘आर’ नावाच्या संगणकाच्या भाषेत ते आकड्यांची पाइपलाइन टाकत. एका टोकाने शेतातली माहिती सोडायची, मध्ये गाळायची, गटवार लावायची, दुसऱ्या टोकाला सरासरी. वाटेत अट आली तरी पाइप तोडायचा नाही, अट पाइपातच बसवायची. “जर म्हटलं का नाहीतर म्हनाच लागते,” हे आम्ही दिवसातून दहादा ऐकलंय. कोथिंबीर घेतानाही ते भाजीवालीला बजावत, “सांबार ताजा असन तं दे, नाही तं पिशवी जशी हाय तशी वापस दे.” ती बिचारी पिशवीकडेच बघत राही.

तर, कपाशीचा प्रयोग चालवणाऱ्या आमच्या सुलभाताई इंगळेंना त्या दिवशी दुपारी तीनला वरिष्ठांसमोर अहवाल मांडायचा होता. त्यावरच त्यांचा प्रयोग पुढे चालणार की बंद पडणार, हे ठरायचं होतं. सरांच्या प्रोग्रॅमात अट होती: फक्त ओलिताचा अहवाल हवा असेल तर ओलिताचे प्लॉट ठेव. ताईंना सगळेच प्लॉट हवे होते. अशा वेळी ‘नाहीतर आलं ते तसंच पुढे जाऊ दे’ असं लिहावं लागतं. ते नव्हतंच! मग पुढे काहीच गेलं नाही. स्क्रीन कोरी, ताईंचा चेहराही कोरा.

सरांना फोन लावला. फोनवर नाही समजणार, घरी या, म्हणाले. ताई आणि मी लॅपटॉप घेऊन जुन्या शहरात त्यांच्याकडे पोचलो, तर पोह्यांच्या तीन प्लेटा भरून तयार. सरांनी लॅपटॉपवर एक ओळ टाकली आणि स्क्रीनवर कपाशी परत उगवली.

मी सहज टेबलावरची त्यांची वही उघडली आणि हबकलोच. हाच प्रोग्रॅम, सरांच्याच अक्षरात, ‘नाहीतर’सकट. निवृत्तीनंतर आमचं असं अडण्याची ही तिसरी वेळ. वहीत तिन्ही प्रोग्रॅम धडधाकट होते. मी वही त्यांच्यापुढे धरली.

सर कीबोर्डवरची धूळ पुसू लागले. धूळ नव्हती.

“जाताना मीच काढलं,” ते म्हणाले. “पोरं पुन्याले. दिवसभर कोनी ‘सर’ म्हनत नाही.”

आता ताई भडकणार, म्हणून मी वहीआड झालो. घड्याळात दोन वाजत आलेले, ताईंच्या हातात पोह्यांची प्लेट. त्या एकदम बोलून गेल्या, “काहो सर, नुसतं जेवाले बोलावलं असतं तं आमी आलो नसतो काय?”